नवें यंत्र, जुनें गिऱ्हाईक

कापड विकणाऱ्या दुकानदाराचा आणि तें विकत घेणाऱ्याचा संबंध पैसे चुकते झाल्याबरोबर बहुधा संपतो. गिऱ्हाइकानें त्या कापडाचा अंगरखा शिवला काय किंवा उशीचा अभ्रा शिवला काय, दुकानदारास त्याचें सोयरसुतक नसतें. आणि पुढल्या वर्षीं त्याच दुकानांत अधिक सुंदर कापड आलें, म्हणून पहिला अंगरखा कांहीं आंखूड होत नाहीं. परंतु कांहीं वस्तु अशा आहेत कीं, त्यांची विक्री झाली म्हणजे व्यवहार संपण्याऐवजीं सुरू होतो. गाणें ऐकविणारीं यंत्रें या वर्गांत मोडतात. ग्रामोफोन घेणारा मनुष्य नुसती एक पेटी घरीं आणीत नाहीं. त्या पेटीच्या भरंवशावर तो पुढें दहा-वीस वर्षें तबकड्या जमवीत जातो. कालांतरानें पेटीच्या किंमतीच्या कितीतरी पट द्रव्य त्या सांठ्यांत गुंततें, आणि द्रव्यापेक्षां मन अधिक गुंततें. अशा घरीं "आमच्या कारखान्यानें आतां याहून चांगलें यंत्र काढलें आहे," अशी वार्ता येते. ती आनंदाची कीं संकटाची, हें त्या कारखानदारानें जुन्या गिऱ्हाइकाची काय सोय लाविली आहे, यावर अवलंबून असतें.

ध्वनिमुद्रणाचा इतिहास लिहितांना लेखक बहुधा शोधकांच्या मागून चालतात. अमक्या सालीं अमुक शोध लागला, तमक्या सालीं आवाज अधिक स्वच्छ झाला, असा तो चढत्या पायऱ्यांचा हिशेब असतो. तो खोटा नाहीं. पण पायरी चढतांना खालीं कोण राहिला, हें त्यांत सहसा सांगितलेलें नसतें. प्रस्तुत लेखांत आम्ही तोच इतिहास जुन्या गिऱ्हाइकाच्या बाजूनें पाहणार आहों.

आरंभ एडिसनपासूनच करणें प्राप्त आहे. त्याचा पहिला फोनोग्राफ १८७७ सालचा. परंतु घरोघरीं गेला तो पुढें मेणाच्या नळकांड्यांवर चालणारा. हें नळकांडें मिनिटास १६० फेरे घेई आणि सुमारें दोन मिनिटांत संपे. व्हिक्टर कंपनीच्या सपाट तबकड्या याहून अधिक वेळ वाजत, त्यामुळें गिऱ्हाईक तिकडे वळूं लागलें. तेव्हां १९०८ सालीं एडिसनच्या कारखान्यानें 'अँबेरोल' नांवाचें नवें नळकांडें बाजारांत आणलें. त्याचा आकार जुन्याइतकाच होता. मात्र जेथें पूर्वीं इंचास शंभर खांचा पडत, तेथें आतां दोनशें पाडल्या होत्या, आणि गाणें चार मिनिटें चालूं लागलें. अडचण अशी कीं, जुन्या यंत्रांत साउंडबॉक्स पुढें सरकविणारी मळसूत्राची व चाकांची जुळणी शंभर खांचांच्या हिशेबानें केलेली असे, आणि त्याचें टोंकही नव्या बारीक खांचेस जाड पडे. ज्यांच्या घरीं आधींच यंत्र होतें, त्यांस नवें नळकांडें अगदीं निरुपयोगी होतें.

येथें एडिसननें जो मार्ग काढला तो आमच्या दृष्टीनें फार महत्त्वाचा आहे. जुन्या यंत्रास बसविण्याजोगा दांत्यांच्या चाकांचा एक जोड आणि बारीक टोंकाचा दुसरा साउंडबॉक्स, असा संच त्यानें विक्रीस ठेविला. तो बसविला म्हणजे चाकांची जुळणी बदलून तेंच यंत्र दोन मिनिटांचीं व चार मिनिटांचीं अशीं दोन्ही नळकांडीं वाजवी. जुनें यंत्र टाकावें लागलें नाहीं, जुना संग्रहही टाकावा लागला नाहीं; आणि कारखान्यास नव्या मालासाठीं तयार गिऱ्हाईक मिळालें. १९१२ सालीं ठिसूळ मेणाऐवजीं सेल्युलॉइडचें 'ब्लू अँबेरोल' निघालें, तेंही चार मिनिटांच्या यंत्रावरच बसे. जुन्या गिऱ्हाइकाचें हित आणि कारखानदाराचा नफा यांत स्वभावतःच वैर आहे असें नाहीं, याचें हें पहिलें मोठें उदाहरण होय.

परंतु याच सुमारास एडिसनलाही तबकडीचा मोह आवरला नाहीं. त्याची 'डायमंड डिस्क' पाव इंच जाड, हिऱ्याच्या टोंकानें वाजणारी आणि आवाजास उत्तम अशी होती. व्हिक्टर व कोलंबिया यांच्या तबकडींत सुई डावी-उजवीकडे हलत असे, तर एडिसनच्या तबकडींत ती वर-खालीं हले. परिणामीं त्याची तबकडी व्हिक्टरच्या यंत्रावर चालेना आणि व्हिक्टरची त्याच्या यंत्रावर चालेना. तरीही आपल्या नळकांडेंवाल्या जुन्या गिऱ्हाइकांस त्यानें सोडलें नाहीं. तबकड्यांवरील गाणीं नळकांड्यांवर उतरवून तो तीं १९२९ पर्यंत पुरवीत राहिला. बाकीच्या मोठ्या कारखान्यांनीं नळकांडीं केव्हांच सोडून दिलीं होतीं. त्या वर्षीं ऑक्टोबर महिन्यांत त्यानें ध्वनिमुद्रिकांचा धंदाच बंद केला. निष्ठेचें फळ हेंच काय, असें कोणी विचारील. आमच्या मतें एडिसनचा धंदा जुन्यांस सांभाळल्यामुळें बुडाला नाहीं. त्यानें नव्यांसाठीं बांधलेला रस्ता दुसऱ्या कोणाच्याच रस्त्यास मिळत नव्हता, हें त्याचें एक मोठें कारण होतें. मात्र सचोटी ही यशाची हमी नव्हे, हेंही येथेंच नमूद करून ठेवलें पाहिजे.

आतां व्हिक्टर कंपनीची गोष्ट. १९२४ च्या सुमारास अमेरिकेंत रेडिओनें घरोघर प्रवेश केला आणि ग्रामोफोनचा खप खालावला. इकडे वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या शास्त्रज्ञांनीं विजेच्या साहाय्यानें ध्वनिमुद्रण करण्याची पद्धति सिद्ध केली होती. व्हिक्टर आणि कोलंबिया या दोन्ही प्रतिस्पर्ध्यांनीं १९२५ च्या पूर्वार्धांत ती स्वीकारली आणि तिची वाच्यता तूर्त करूं नये असें ठरविलें. कारण उघड होतें. दोघांच्याही गोदामांत जुना माल पडून होता. विजेनें मुद्रित केलेल्या तबकड्या त्याच वर्षीं विक्रीस येऊं लागल्या, पण त्या तशा आहेत याचा गाजावाजा झाला नाहीं. उन्हाळ्यांत व्हिक्टरनें आपलीं जुनीं 'व्हिक्ट्रोला' यंत्रें निम्म्या किंमतीस काढलीं, आणि २ नोव्हेंबर १९२५ रोजीं 'व्हिक्टर दिन' साजरा करून 'ऑर्थोफोनिक व्हिक्ट्रोला' हें नवें यंत्र लोकांपुढें मांडलें.

या व्यवहारांत बेकायदेशीर कांहीं नव्हतें. नवीन तबकड्या जुन्या यंत्रावर वाजत होत्या. किंमतही निम्मी घेतली होती. तरीपण ज्या गृहस्थानें ऑगस्टांत मोठ्या हौसेनें व्हिक्ट्रोला घरीं नेला, त्याला नोव्हेंबरांत काय वाटलें असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी. विकणाऱ्यास जें ठाऊक होतें तें घेणाऱ्यास ठाऊक नव्हतें, आणि ठाऊक असतें तर कदाचित् त्यानें तीन महिने कळ सोसली असती. कारखानदाराच्या बाजूनें एवढेंच म्हणतां येईल कीं, नव्या यंत्राची वार्ता आधीं फुटती, तर जुना माल पडून राहता आणि दुकानदार बुडते. ही अडचण खरी आहे. ती त्या वेळीं होती, आणि त्यानंतरच्या प्रत्येक कारखानदारापुढें ती उभी राहिली आहे. एडिसनच्या संचाचा धडा यंत्रासंबंधीं होता. व्हिक्टरच्या प्रकरणाचा धडा सत्य केव्हां सांगावें यासंबंधीं आहे.

यानंतरची मोठी उलथापालथ १९४८ सालची. त्या वर्षीं जून महिन्यांत कोलंबिया कंपनीनें न्यूयॉर्क येथें दीर्घ वाजणारी तबकडी, म्हणजे पुढें सर्वतोमुखीं झालेली 'एल. पी.', जाहीर केली. जुनी तबकडी मिनिटास ७८ फेरे घेई व तीन-चार मिनिटांत संपे. ही नवी ३३⅓ फेरे घेई आणि तिची एक बाजू वीस मिनिटांहून अधिक चाले. तिची खांच इतकी बारीक होती कीं जुनी जाड सुई तिच्यांत बसणेंच शक्य नव्हतें. म्हणजे १९०८ चाच पेंच पुनः उभा राहिला. आणि कोलंबियानें उत्तरही तेंच दिलें. फिलको या रेडिओच्या कारखान्याकडून तिनें एक लहानसें जोडयंत्र तयार करविलें. २९ डॉलर ९५ सेंट किंमतीचें हें यंत्र घरच्या जुन्या रेडिओस किंवा रेडिओ-ग्रामोफोनास जोडलें म्हणजे नवी तबकडी वाजे. लांकडी कपाटासारखें मोठें यंत्र ज्यानें पूर्वीं घेतलें होतें, त्याचें तें कपाट तसेंच कामांत राहिलें.

पण प्रतिस्पर्धी स्वस्थ बसला नाहीं. १९४९ सालीं आर. सी. ए. व्हिक्टरनें ४५ फेऱ्यांची, सात इंची आणि मध्यें मोठें भोंक असलेली तिसरीच तबकडी काढली व तिच्यासाठीं १२ डॉलर ९५ सेंटांचें आपलें निराळें जोडयंत्र पुढें केलें. आतां ७८, ३३⅓ आणि ४५ अशा तीन वेगांच्या तबकड्या बाजारांत झाल्या. कोणता वेग टिकेल आणि कोणता बुडेल हें कळेना, तेव्हां पुष्कळ शहाण्या गिऱ्हाइकांनीं कांहींच न घेण्याचा मार्ग पत्करला. एका कारखान्याचा पूल भक्कम असला तरी दोन कारखान्यांनीं दोन दिशांना पूल बांधले तर नदीकांठचा मनुष्य घरींच बसतो, असा हा प्रकार होता. अखेर १९५० सालीं व्हिक्टरनेंही दीर्घ तबकड्या काढण्यास आरंभ केला, तिन्ही वेगांनीं फिरणारीं यंत्रें सर्वत्र झालीं, आणि गिऱ्हाइकाची सुटका झाली.

आपल्या देशांत या बदलाची गति निराळी होती. येथें चावीचे ग्रामोफोन पुष्कळ, आणि खेडोपाडीं वीज नाहीं. त्यामुळें ७८ फेऱ्यांची तबकडी पाश्चात्य देशांत मागें पडल्यावरही कलकत्त्याजवळील डमडमच्या कारखान्यांतून ती निघत राहिली; बीटल्स या इंग्रज गायकवृंदाचीं गाणींसुद्धां भारतांत ७८ च्या तबकडीवर निघालीं, हें ऐकून आज तिकडील संग्राहकांस नवल वाटतें. महाराष्ट्रांतील मध्यम वर्गाच्या घरांत बालगंधर्वांचीं पदें आणि अब्दुल करीमखांसाहेबांचे राग प्रथम आले ते याच तबकड्यांवर. तेंच गाणें पुढें दीर्घ तबकडीवर, मग कॅसेटवर, मग सीडीवर आलें. आणि कित्येक घरांनीं एकाच गायकाचें एकच पद तीन-चारदां पैसे मोजून घेतलें. त्यांतील प्रत्येक वेळीं आवाज सुधारला असेल, वा नसेलही. परंतु यंत्र बदललें म्हणून संग्रह पुनः विकत घेणारा मनुष्य हाच या धंद्याचा एक मोठा आधार झाला, ही गोष्ट विसरून चालणार नाहीं.

जोडयंत्राहूनही श्रेष्ठ असा एक मार्ग आहे. नवी वस्तु घडवितांनाच जुन्या वस्तूची आठवण ठेवणें हा तो मार्ग. १९५८ च्या सुमारास दोन बाजूंनीं ऐकूं येणारी 'स्टीरिओ' तबकडी आली. तिची मूळ कल्पना ॲलन ब्लमलिन या इंग्रज अभियंत्यानें १९३१ सालीं पेटंटाच्या अर्जांत मांडली होती. खांचेच्या दोन उतरत्या भिंतींवर दोन बाजूंचे आवाज कोरावयाचे, आणि दोहोंत समान असलेला आवाज पूर्वींप्रमाणेंच डाव्या-उजव्या हालचालींत येऊं द्यावयाचा, अशी ही योजना. तिच्यामुळें जुन्या एकमार्गी दीर्घ तबकड्या नव्या यंत्रावर निर्वेध वाजल्या. उलट, जुन्या यंत्राच्या ताठ सुईनें नवी तबकडी खराब होण्याची भीति असे. म्हणून सुमारें दहा वर्षें कारखान्यांनीं एकच गाणें दोन्ही प्रकारच्या तबकड्यांवर काढलें. फिलिप्सनें १९६३ सालीं कॅसेट आणली आणि पुढें तिच्यावर स्टीरिओ आवाज भरला, तेव्हां दोन बाजूंचे पट्टे फितीवर शेजारीं शेजारीं ठेविले. एकमार्गी यंत्राचें वाचक टोंक दोन्ही पट्टे एकदम वाची, आणि साध्या यंत्रावरही संपूर्ण गाणें ऐकूं येई. ही योजना गिऱ्हाइकाच्या लक्षांतही आली नसेल. त्याची जुनी कॅसेट नव्या यंत्रांत वाजली आणि नवी जुन्यांत वाजली, एवढेंच त्याला दिसलें; आणि तेवढेंच त्याला हवें होतें.

याविरुद्ध एक आक्षेप घेतां येतो व तो आम्ही टाळीत नाहीं. १९८२ सालीं जपानांत सीडी आली तेव्हां तिनें जुन्यास कोणताच पूल बांधला नाहीं, तरी ती विजयी झाली. उलट फिलिप्सनेंच १९९२ सालीं काढलेल्या अंकात्मक कॅसेटच्या यंत्रावर घरच्या जुन्या कॅसेटी वाजत असत. तरी ती चार वर्षांत बाजारांतून उठली. मग पुलाचें एवढें महत्त्व कशाला? याचें उत्तर असें कीं, सीडीनें जुन्या यंत्राच्या केंसालाही धक्का लाविला नव्हता. तिचें यंत्र जुन्याच ॲम्प्लिफायरला जोडतां येई, आणि शेजारीं तबकडीचें यंत्र पूर्वींप्रमाणें फिरत राही. नव्या वस्तूनें जुन्यास सामावून घेतलें नाहीं, तरी निदान तिला जगूं दिलें. कारखानदाराकडून किमान अपेक्षा करावयाची ती एवढीच. आणि १९८२ पर्यंत ती इतकी गृहीत होती कीं तिचा कोणी उच्चारही करीत नसे.

कांहीं कारखानदारांनीं या किमानाच्या फार पुढें मजल मारली. स्कॉटलंडांतील ग्लासगो येथील लिन या कारखान्यानें १९७० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत 'एल. पी. १२' नांवाचें तबकडी वाजविण्याचें यंत्र काढलें. त्यानें नवें नमुने काढून जुने बाद करण्याची रूढ रीति सोडून दिली. यंत्र तेंच, सुधारणा भागांत. १९८२ सालीं मोटरीस स्थिर गति देणारा विजेचा नवा भाग आला, १९९३ सालीं नवा बेअरिंगचा भाग आला, २००९ सालीं नवी मोटर आली. आणि यांतील प्रत्येक भाग जुन्या यंत्रांत बसविण्याजोगा ठेविला. वाड्याचा एक खांब आज, एक तुळई पुढल्या वर्षीं, अशी डागडुजी करीत तोच वाडा नातवंडांच्या हवालीं करावा, त्यांतला हा प्रकार. अर्थात् हे भाग स्वस्त नाहींत, आणि सगळे घेत बसणाऱ्याची बेरीज मूळ किंमतीच्या पुष्कळ पुढें जाते. परंतु येथें एक मोठा फरक आहे. जो घेत नाहीं त्याचें यंत्र पूर्वीं जसें वाजत होतें तसेंच वाजतें. घेणें न घेणें गिऱ्हाइकाच्या हातीं राहतें.

नेमका हाच अधिकार आपल्या काळांत डळमळूं लागला आहे. सोनॉस या अमेरिकन कंपनीचे लाऊडस्पीकर घराच्या खोल्याखोल्यांतून बिनतारी गाणें पोंचवितात. त्यांचें काम त्यांच्या पोटांतील सॉफ्टवेअरवर चालतें, आणि तें सॉफ्टवेअर कंपनी दुरून बदलूं शकते. २०१९ सालीं कंपनीनें जुन्या गिऱ्हाइकांस नव्या यंत्रावर तीस टक्के सूट देऊं केली. अट अशी कीं, जुन्या यंत्रांत एक आज्ञा द्यावयाची, म्हणजे एकवीस दिवसांनीं तें यंत्र कायमचें मुकें होई. चांगलीं वाजणारीं यंत्रें अशा रीतीनें भंगारांत जातात, हें पाहून लोक संतापले. त्यानंतर जानेवारी २०२० मध्यें कंपनीनें जाहीर केलें कीं, सर्वांत जुन्या यंत्रांस मे महिन्यापासून नवें सॉफ्टवेअर मिळणार नाहीं. आणि घरांत एकही जुनें यंत्र जोडलेलें असलें तर नव्या यंत्रांचीही प्रगति थांबेल. ओरड इतकी झाली कीं, कांहीं दिवसांतच मुख्याधिकाऱ्यानें क्षमा मागितली. मुकें करण्याची अट मार्चमध्यें निघाली, आणि जूनमध्यें जुन्यांसाठीं एक व नव्यांसाठीं एक अशा दोन व्यवस्था कंपनीनें वेगळ्या केल्या. पुढें मे २०२४ मध्यें तिनें मोबाइलवरून यंत्रें चालविण्याचें ॲपच बदललें; त्यांत गजर लावण्यासारख्या रोजच्या सोयी प्रथम नव्हत्या. कोणतीही नवीन खरेदी न करतां लोकांच्या घरचें यंत्र एका रात्रींत उणें झालें. जानेवारी २०२५ मध्यें त्या मुख्याधिकाऱ्यानें पद सोडलें.

ही कंपनी इतरांहून दुष्ट आहे असें आमचें म्हणणें नाहीं. जुन्या यंत्रांतील स्मरणशक्ति व गणनशक्ति अपुरी पडते, आणि त्यांस अनंत काळ नव्या युक्त्या शिकवितां येत नाहींत, हें खरें आहे. एडिसनलाही दोन मिनिटांच्या नळकांड्यावर चार मिनिटांचें गाणें बसवितां आलें नव्हतें. परंतु एडिसनच्या काळीं पेटी एकदां दुकानाबाहेर पडली म्हणजे तिच्यावर कारखान्याचा हात पोंचत नसे. व्हिक्टरनें १९२५ सालीं गिऱ्हाइकास अंधारांत ठेविलें. पण त्याच्या दिवाणखान्यांतील व्हिक्ट्रोला तरी पूर्ववत् गात होता. आतां हात पोंचतो. म्हणून जुनें बंधन, जें पूर्वीं यंत्राच्या घडणींतच होतें, तें आतां वचनांत आणि कायद्यांत आणावें लागणार आहे.

या सर्व इतिहासाचा निष्कर्ष आम्हांस असा दिसतो. कारखानदारानें नवें काढूं नये असें कोणीच म्हणणार नाहीं. तसें झालें असतें तर आपण अजून दोन मिनिटांच्या नळकांड्यावरच असतों. परंतु नवें काढतांना तीन गोष्टी जुन्या गिऱ्हाइकाच्या हक्काच्या आहेत. नवें येणार हें त्याला वेळेवर कळावें. शक्य असेल तेथें वाजवी किंमतींत जुन्यावरून नव्याकडे जाण्याची वाट असावी. आणि ज्याला त्या वाटेनें जावयाचें नसेल, त्याचें यंत्र विकत घेतल्या दिवशीं जें काम करीत होतें तें करीत राहावें. यांपैकीं पहिल्या दोहोंत धंद्याच्या अडचणी येऊं शकतात व त्यांस थोडी सवलत देतां येईल. तिसरीस सवलत नाहीं. कारण ती मोडली तर विक्री झाली होती कीं भाड्यानें दिलें होतें, असाच प्रश्न उपस्थित होतो.

एखाद्या जुन्या घराच्या माळ्यावरून आजहि चावीचा ग्रामोफोन खालीं येतो. धूळ झटकावी, तेल घालावें, नवी सुई बसवावी, चावी द्यावी; आणि शंभर वर्षांपूर्वीं मुद्रित झालेला गळा खरखरीतून वर येतो. तो कारखाना कधींच बंद झालेला असतो, त्याचे मालक जाऊन पिढ्या लोटलेल्या असतात. तबकडी वाजविण्यास कोणाची अनुज्ञा लागत नाहीं. आज विकत घेतलेलें कोणतें यंत्र आपल्या नातवंडांस असें वापरतां येईल, हा प्रश्न यापुढें दुकानांत शिरतांना प्रत्येक गृहस्थानें स्वतःस, आणि विकणाऱ्यासही, अवश्य विचारावा.